पांढरा भात, पिवळा रस्सा : जपानी नौदलाच्या करीची गोष्ट

१/ शुक्रवारची दुपार. जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाचे जहाज बंदरात असो वा भर समुद्रात, त्याच्या भटारखान्यातून त्या दिवशी करीचा दरवळ येतो. दाट, किंचित गोडसर रस्सा, त्यात मांस, बटाटा, गाजर, कांदा आणि सोबत वाफाळता भात. नोकरीतून निवृत्त झालेले नौसैनिक ज्या जेवणाची आठवण काढतात, ते हेच.

२/ प्रत्येक जहाजाची करी निराळी. कोणी त्यात कॉफी घालते, कोणी चॉकलेट, आणि आपल्याच जहाजाची करी श्रेष्ठ, यावर प्रत्येकजण ठाम. १९९९ साली योकोसुका या नाविक तळाच्या शहराने स्वतःला ‘करीचे गाव’ म्हणून जाहीर केले. या हौसेच्या आठवणीमागे मात्र भुकेची नव्हे, भरल्या पोटी मरणाऱ्या माणसांची गोष्ट आहे.

३/ काळ मेइजी राजवटीचा. नव्या जपानी नौदलाला शत्रूपेक्षा एका रोगाने अधिक ग्रासले होते. जपानी नाव ‘काक्के’, आपल्याला परिचित नाव बेरीबेरी. आधी पाय जड होत, सुजत, बधिर पडत. पुढे धाप लागे आणि अखेरीस हृदय थांबे. १८८२ साली नौदलातील दर शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांना हा रोग झाला. खुद्द सम्राट मेइजी यांनाही तो जडला होता.

४/ रोगाचे मूळ ताटात होते. गरीब शेतकऱ्याच्या घरी रोजचे अन्न म्हणजे जव आणि भरड धान्ये. सडून शुभ्र केलेला तांदूळ म्हणजे श्रीमंती. देशावरच्या कित्येक घरांत भात जसा सणावारालाच शिजे, तसेच हे होते. लष्कराच्या शिध्यात मात्र प्रत्येक सैनिकाला दिवसाला सहा ‘गो’, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम पांढरा तांदूळ मिळे. खेड्यातल्या तरुणासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना करता येते.

५/ नौदलात आणखी एक अडचण होती. भाजी-मांसासाठी खलाशांना रोख भत्ता मिळे. तो काटकसरीने खर्च करून उरलेले पैसे ते गाठीला बांधत. भात आणि तोंडी लावायला थोडे लोणचे एवढ्यावर भागत असे. कुटुंबासाठी वाचवलेला पैसा आणि हवाहवासा वाटणारा शुभ्र भात, या दोहोंनी मिळून त्यांचा घात केला.

६/ हे ओळखणारा माणूस होता नौदलाचा वैद्य ताकाकी कानेहिरो. १८७५ ते १८८० या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याचे शिक्षण झाले. ब्रिटिश नौदलात हा रोग जवळजवळ दिसतच नाही, हे त्याने हेरले. जपानी नौदलातही अधिकारी कमी आजारी पडत, साधे खलाशी अधिक. जहाज तेच, हवा तीच, पाणी तेच. फरक फक्त जेवणाचा.

७/ १८८२ च्या अखेरीस ‘र्‍यूजो’ हे प्रशिक्षण जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई अशा दीर्घ सफरीवर निघाले. ३७६ जणांपैकी १६९ बेरीबेरीने आजारी पडले, २५ दगावले. होनोलुलूला पोहोचल्यावर जहाजावर ताजे मांस आणि भाजी घेण्यात आली. रुग्ण बरे होऊ लागले.

८/ ताकाकीने थेट सम्राटापर्यंत आपले म्हणणे पोहोचवले. १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज मुद्दाम त्याच मार्गाने धाडण्यात आले, पण मांस, पाव, आटवलेले दूध असा बदललेला शिधा घेऊन. जहाज परतले तेव्हा रुग्ण जेमतेम पंधराच्या आसपास होते आणि मृत्यू एकही नव्हता. आजारी पडलेल्यांतही बहुतेक नवा शिधा टाळणारेच निघाले.

९/ प्रयोग यशस्वी झाला, पण जेवणाऱ्यांचे समाधान झाले नाही. पाव खलाशांना रुचेना. म्हणून १८८५ मध्ये मधला मार्ग काढण्यात आला : तांदळात जव मिसळून शिजवलेला भात. गरिबीची खूण म्हणून जे धान्य मागे सोडून ही मुले नौदलात आली, तेच पुन्हा त्यांच्या पुढ्यात आले. कुरकुर झाली. मात्र त्याच वर्षी रुग्णांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली उतरले.

१०/ गंमत अशी की ताकाकीचा उपाय बरोबर, पण कारणमीमांसा चुकीची होती. आहारात प्रथिने कमी पडतात, असे त्याचे मत होते. खरा दोष होता तांदूळ सडताना निघून जाणाऱ्या कोंड्यात. त्या कोंड्यातले थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शरीराला मिळत नव्हते. आपल्याकडची जुनी माणसे हातसडीच्या तांदळाचा आग्रह का धरत, याचे उत्तर इथेच आहे. जपानमध्ये सुझुकी उमेतारोने १९१० साली कोंड्यातून हा घटक वेगळा काढला.

११/ ताकाकीची मीमांसा कच्ची असल्याने लष्कराच्या वैद्यांनी ती झिडकारली. जर्मन जंतुशास्त्रात घडलेल्या या मंडळींना रोगामागे जंतू दिसत होता. पुढे थोर साहित्यिक म्हणून गाजलेला मोरी ओगाई हा त्यांच्यापैकीच एक. काही छावण्यांनी स्वतःहून जव वापरून पाहिले आणि गुणही आला. पण युद्धकाळात रसद वरून ठरे, आणि वरून येई तो पांढरा तांदूळच.

१२/ त्याची किंमत भयंकर ठरली. १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धात लष्कराचे जितके सैनिक लढाईत पडले, त्याच्या कितीतरी पट बेरीबेरीने गेले. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात सुमारे अडीच लाख सैनिक आजारी पडले आणि सुमारे २७,००० मरण पावले. त्याच युद्धात नौदलातील रुग्णसंख्या नगण्य होती. १९०५ साली, युद्ध चालू असतानाच, लष्करालाही जव स्वीकारावे लागले.

१३/ आता करीकडे येऊ. करी जपानला थेट हिंदुस्थानातून मिळाली नाही. ती आली ब्रिटनमार्गे, डब्यातल्या तयार मसाल्याच्या रूपात. १९०८ च्या नौदलाच्या पाककृतिपुस्तकात तिची रीत दिली आहे. चरबीवर पीठ तांबूस होईतो परतावे, करीचा मसाला घालावा, मांसाच्या पाण्याने सैल करावे, मांस आणि भाज्या टाकाव्यात, भातावर वाढावे. आणि सोबत काय? ‘चात्सुने’, म्हणजे आपली चटणी!

१४/ बेरीबेरीवर औषध म्हणून करी शोधली गेली, ही लोकप्रिय समजूत अतिशयोक्तीची आहे. रोग जवाने आणि बदललेल्या शिध्याने आधीच आटोक्यात आला होता. करीने वेगळे काम केले. मांस, भाजी आणि पीठ एकाच पातेल्यात, शेकडो माणसांसाठी, थोड्या कष्टात शिजू लागले, आणि पोषक जेवण पोरांना आवडू लागले. रस्सा दाट असल्याने मुरड घातलेल्या तोंडाने गिळावा लागणारा जवमिश्रित भातही सुखाने खाल्ला जाई.

१५/ सेवा संपवून गावी परतलेल्या माणसांबरोबर ही चवही घरोघरी गेली. शुक्रवारचा रिवाज मात्र त्या मानाने अलीकडचा. आधी करीचा दिवस शनिवार होता आणि पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यावर तो शुक्रवारवर आला, असे सांगतात. सगळे दिवस सारखेच भासणाऱ्या समुद्रावर आठवडा संपत आल्याची खूण म्हणजे करी, ही कल्पना खलाशांना प्रिय आहे.

१६/ आज योकोसुकात १९०८ च्या रीतीवर बेतलेली करी मागवली, की ताटासोबत कोशिंबीर आणि दुधाचा पेला येतो. करी सगळ्यांना आठवते. नावडता पाव आणि जवाचा भात कोणाला आठवत नाही. ‘र्‍यूजो’वरच्या त्या २५ जणांना मात्र ही करी चाखायला मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला आला तो फक्त पोटभर, शुभ्र, हवाहवासा भात.