मिठागर, प्रयोगशाळा आणि मिठाचा कायदा

१/ गव्हाण हे पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे गाव. पनवेल-उरणच्या या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या मिठागरे पिकली. शाळेत मात्र मीठ वेगळ्या वाटेने तयार होते.

२/ तेथे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळतात. दोन्ही रंगहीन, आम्ल केव्हा संपले हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून दर्शक लागतो. उदासिनीकरणानंतर पाणी आणि त्यात विरघळलेला क्षार उरतो. पाणी आटवले की मीठ हाती येते.

३/ आम्लाशी संयोग पावून क्षार देणाऱ्या पदार्थांसाठी ‘बेस’ ही संज्ञा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएल यांनी १७५४ मध्ये रूढ केली.

४/ मिठागराला आम्ल लागत नाही. मीठ समुद्राच्या पाण्यात विरघळलेलेच असते. भरतीचे पाणी उथळ कप्प्यांत उन्हाने आटते. आधी जिप्सम खाली बसते, मग मिठाचे स्फटिक धरतात. मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी काढून टाकतात. शेवटची पायरी दोन्हीकडे एकच : बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण.

५/ नेमकी हीच पायरी सरकारने ताब्यात घेतली होती. मुंबई इलाख्यात १८९० च्या मीठ कायद्यानुसार परवान्याविना मीठ काढणे गुन्हा होता. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला आणि १२ मे रोजी कोकणातील शिरोड्याला सत्याग्रहींनी तो जाणूनबुजून केला; अनेकांनी लाठ्या आणि तुरुंगवास सोसला.

६/ मीठकर १९४७ मध्ये रद्द झाला. पुढे नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीत या पट्ट्यातील अनेक मिठागरे नाहीशी झाली. शाळेच्या बाष्पनपात्रात मात्र तीच पायरी आजही, परवान्याविना, पार पडते.