दुभाष्याभोवतीचे आवाज

मिखाईल बाख्तीन यांचा दोस्तोयेव्हस्कीवरील ग्रंथ १९२९ साली लेनिनग्राडमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच सुमारास ग्रंथकाराला हद्दपारीची शिक्षा झाली. कादंबरीतील पात्रांचे स्वर लेखकाच्या स्वरात विरून न जाता परस्परांसमोर समान हक्काने उभे राहू शकतात, हा त्या ग्रंथाचा गाभा. माणसाविषयीचा अखेरचा शब्द कोणी उच्चारायचा, हा प्रश्न त्यामुळे रशियन बहुस्वर कादंबरीच्या विचारात आरंभापासूनच अनुस्यूत आहे.

ल्युदमिला उलित्स्काया यांच्या ‘दानिएल श्टाइन, दुभाष्या’ (२००६) या कादंबरीत तो नव्याने उभा राहतो. तिच्यामागे ओस्वाल्ड रुफायझेन (१९२२–१९९८) या पोलिश ज्यू गृहस्थांचे आयुष्य आहे. महायुद्धात आपले ज्यू असणे लपवून ते आजच्या बेलारूसमधील मीर येथे जर्मन पोलिसांचे दुभाषी झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथील ज्यूंच्या संहाराचा बेत त्यांना कळला. त्यांनी दिलेल्या सूचनेमुळे सुमारे ३०० माणसे जंगलात निसटली. मागे राहिलेली मारली गेली. पुढे एका मठात लपले असता ते ख्रिस्ती झाले आणि १९५९ साली कार्मेलाइट संन्यासी म्हणून इस्रायलला गेले. परतीच्या कायद्यान्वये आपल्याला ज्यू मानावे, हा त्यांचा दावा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मताने फेटाळला. नागरिकत्व मिळाले, पण ते वेगळ्या मार्गाने.

न्यायालयाला ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच उत्तर देणे भाग होते. १९९२ साली मॉस्कोत रुफायझेन यांना भेटलेल्या उलित्स्काया यांनी निवाडा न देणारा घाट निवडला. पत्रे, रोजनिशा, ध्वनिमुद्रित संभाषणे, कात्रणे आणि अर्ज यांतून कादंबरी उलगडते. एकसंध निवेदक तीत नाही. मीरचे ‘एम्स्क’ होते, रुफायझेन ‘दानिएल’ होतात. जंगलात जन्मलेली एवा बोस्टनमध्ये आईविषयीची कटुता उराशी बाळगते. ती आई, रीता, हैफाच्या वृद्धाश्रमात आहे; एकेकाळी कम्युनिस्ट निष्ठेपायी तिने मुलांना दूर लोटले होते. जर्मन हिल्डा आपल्या समाजाच्या अपराधाचे ओझे घेऊन दानिएलच्या कामाला लागते. दानिएलविरुद्ध तक्रार करणाऱ्यांचीही पत्रे येथे आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी खुद्द ‘उलित्स्काया’ मैत्रिणीला पत्र लिहितात. लेखिकाही अनेकांपैकी एक पत्रलेखिका ठरते.

या घाटात धोकाही आहे. कागदपत्रांचे रूप कल्पिताला पुराव्याचे वजन देते. शिवाय बहुतेक स्वर अखेरीस दानिएलच्या सौम्यतेकडे झुकतात. बाख्तीनना अभिप्रेत असलेली तुल्यबळता येथे सर्वत्र टिकत नाही. तरीही एवा आणि रीता यांच्यातील दरी लेखिका परस्पर बुजवीत नाही, हे महत्त्वाचे. दोघींची बाजू वाचकाला दोघींच्याच शब्दांत ऐकावी लागते.

दुभाष्याचे कामही हेच. दोन्ही बाजूंचे बोलणे ज्याच्या कानी पडते, असा माणूस तोच. मीरच्या पोलीस ठाण्यात या ऐकण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. कादंबरीत ते ऐकणे वाचकावर सोपवले आहे. उलित्स्काया यांनी २०२२ साली रशिया सोडला आणि २०२४ मध्ये तेथील शासनाने त्यांना ‘परकीय हस्तक’ ठरवले. अनेकांना बोलू देणारी ही कादंबरी वाचताना १९२९ सालचा बाख्तीन यांचा ग्रंथ आणि त्यांची हद्दपारी आठवल्यावाचून राहत नाही.