नववा धक्क्यावरच

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग दिसला की आमचे मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात, "एवढ्याशा बेटावर एवढा थोरला कोट कशाला?" कुरटे बेटावर १६६४ साली महाराजांनी काम सुरू केले आणि तीनेक वर्षांत सुमारे तीन किलोमीटर घेराचा तट समुद्रात उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. वेढा पडल्यावर घागरभर पाणी मागायला मालवणात कोण येणार? लागेल ते सगळे तटाच्या आतच हवे.

मला हे कळायला १९९९ साल उजाडले. बी.कॉम. होऊन मी क्लिपर शिकलो होतो आणि त्या जोरावर एका सोसायटीला नऊ प्रोग्रॅम लिहून द्यायचे कबूल करून बसलो होतो. मुदत ३१ मार्च. व्याजाचा प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा : मुद्दल घ्या, दर घ्या, दिवस घ्या, गुणा, भागा, छापा. ओळी तीनशे बाइटांच्या आणि त्यांची ईएक्सई फाईल एक लाख सत्तर हजारांची! बाकीच्या आठांचाही थाट तोच. फ्लॉपीत मावतात साडेचौदा लाख. आठ प्रोग्रॅम चढले, नववा धक्क्यावरच राहिला.

"मेल्या, दहा वळींका येवढी फाईल? आत काय रेती भरलंस?" मामांनी विचारले. सोसायटीला माझे नाव त्यांनीच सुचवले होते, तेव्हा अब्रू त्यांचीही होती.

रेती नव्हती, कारकून होता. क्लिपर माझ्या ओळींचे सांकेतिक हुकूम बनवी. पण हुकूम वाचायला कोणीतरी लागतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या यंत्रात असेलच असे नाही. म्हणून लिंकर त्याला त्याच फायलीत बसवून पाठवी. बरोबर त्याचे दप्तर : पडद्यावर लिहिणारा, डेटाफायली उघडणारा, चुकल्यावर ओरडणारा. शिवाय लिंकर काही सुटे देत नाही. लायब्ररीतले एक कलम मागा, ते ज्या गठ्ठ्यात आहे तो अख्खा गठ्ठा येतो, आणि त्या गठ्ठ्याला लागणारे आणखी गठ्ठे मागून येतात. (आमच्या बँकेतही एक जुने व्हाउचर मागितले की हेच होते.)

हा दोष एकट्या क्लिपरचा नव्हे. १९८३ चे टर्बो पास्कल प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपली लायब्ररी सबंध ओतत असे; लागेल तेवढेच घ्यायला ते १९८७ साली, चौथ्या आवृत्तीत शिकले. विंडोजने १९८५ पासून डीएलएल नावाच्या सामाईक लायब्रऱ्या काढल्या, १९८८ साली सन कंपनीनेही सनओएस ४ मध्ये तीच सोय केली. फायली सडपातळ झाल्या. पण विरजण रोज शेजारणीकडून आणायचे, तर एक दिवस शेजारीण घर बदलते! डीएलएलची आवृत्ती बदलली की कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज हातपाय गाळी. तेव्हा २००९ साली गूगलने 'गो' भाषा आणली ती पुन्हा सिंधुदुर्गाच्याच वळणाची. एका ओळीचा रामराम छापायला दहा लाखांवर बाइट.

मी शेवटी नऊही प्रोग्रॅम एकाच फायलीत घातले, पुढे मेनू लावला. कारकून एक, दप्तर एक. नऊ भावांच्या नऊ चुली मोडल्या आणि सगळा खर्च दोन लाख दहा हजारांत भागला! ३० मार्चला फ्लॉपी खिशात घालून, मामांना पुढे करून, सोसायटीत पोचलो.

त्यांच्या यंत्राला सव्वापाच इंची फ्लॉपी लागत होती.