तलाव कुणासाठी खोदला?

तुमसरच्या बाजारातला तांदूळ सगळ्यांना ठाऊक. मी इथलाच, पण मला त्या धानामागचे तलाव जास्त खुणावतात. आमच्याकडे पाऊस भरपूर. तरी लोंब्या भरायच्या वेळी त्यानं दडी मारली की हाती आलेलं धान जातं. म्हणून गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं भंडाऱ्याच्या मुलखात तलाव बांधले. तलाव बांधणाऱ्याला राजा जमीन द्यायचा.

मग हे तलाव स्वार्थातून झाले की परमार्थातून?

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज माणसाला मुळात स्वार्थी मानायचा. त्याचा मित्र जॉन ऑब्री यानं एक किस्सा लिहून ठेवलाय. हॉब्जनं लंडनमध्ये एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. सोबतच्या पाद्र्यानं विचारलं, येशूची आज्ञा नसती तर दिले असतेस का? हॉब्ज म्हणाला, हो. त्याचे हाल बघून मला त्रास होत होता, त्याला आराम पडला तसा मलाही पडला. उत्तर चलाख आहे. पण दुसऱ्याच्या हालांनी ज्याचा जीव कळवळतो त्यालाही स्वार्थीच म्हणायचं, तर त्या शब्दात उरलं काय?

आमच्या मालगुजाराला असा कळवळा असण्याची गरजही नव्हती. इंग्रजांनी त्याला गावाचा मालक केलं आणि सारा भरायची जबाबदारीही दिली. धान बुडालं तर कुळं पैसे कुठून देणार? म्हणून पाळ दुरुस्त ठेवणं त्याच्याच फायद्याचं. पाणी मात्र कुळांच्या बांध्यांतही जायचं, गुरं प्यायची, ढिवर मासे धरायचे. यात पुण्य शोधायला जाऊ नका; मालगुजारीसोबत बेगारही होती.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण तलावांचं नाव पडलं ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी. नावात जुना मालक राहिला, गाळ काढायला नवा कुणी आला नाही. पाण्यावर हक्क सगळ्यांचा, पाळीवर कुदळ कुणाचीच नाही. तलाव उथळ होत गेले, कडेनं अतिक्रमणं झाली.

२०१७मध्ये राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. शेतकऱ्यानं गाळ आपल्या शेतात न्यायचा, त्याची जमीन सुधारते आणि साठा खोल होतो. योजना करणाऱ्यांनी स्वार्थ बरोबर ओळखला. ज्याच्याकडे शेतच नाही त्या ढिवराला या गाळाचा काही उपयोग नाही. पण उन्हाळ्यात पाणी टिकलं, तर त्याचे मासे टिकतात.