विश्लेषण : ११ ओळींचा कोड गायब झाला आणि जगभरातले बिल्ड अडकले, डिपेंडन्सी आपोआप इन्स्टॉल होतात म्हणजे नेमकं काय?

२२ मार्च २०१६. जगभरातल्या अनेक डेव्हलपर्सच्या स्क्रीनवर अचानक एकच एरर दिसू लागला : 'लेफ्ट-पॅड' सापडत नाही. हे होतं जेमतेम ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज. एखाद्या मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. पण 'बॅबेल'सारखी बडी साधनं दोन-तीन पायऱ्या खाली त्यावर उभी होती.

झालं असं की अझर कोचुलू या प्रोग्रॅमरचा 'किक' या पॅकेजच्या नावावरून किक मेसेंजर कंपनीशी वाद झाला. एनपीएमने नाव कंपनीला दिलं. चिडलेल्या कोचुलूने आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यातच हे एक होतं.

पण एवढ्याने बिल्ड का थांबले?

आजकाल कोड लिहून सर्व्हरवर टाकला की 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणजेच सीआय नावाची यंत्रणा जागी होते. गिटहब ॲक्शन्स, गिटलॅब सीआय, जेन्किन्स ही त्यातली ओळखीची नावं. बहुतेक वेळा ती दर खेपेला एक कोरी मशीन घेते, कोड उतरवते, लागणारी सगळी पॅकेजेस इंटरनेटवरून आणते आणि मग टेस्ट चालवते. मशीन कोरी, म्हणजे स्वयंपाकघरात मीठसुद्धा नाही. त्यामुळे दर वेळी सगळा किराणा नव्याने. दुकानातून एक वस्तू गायब झाली की चूल पेटत नाही.

यादी वेगळी, बिल वेगळं

गोंधळाचं मूळ इथेच आहे. प्रोजेक्टमधली 'पॅकेज डॉट जेसन' ही फाइल म्हणजे किराणा यादी. 'तांदूळ आणा' इतकंच त्यात असतं; आवृत्तीच्या आकड्याआधी ^ हे चिन्ह असेल तर 'हा किंवा याच्याशी जुळणारा नवा चालेल' असा अर्थ. म्हणून सोमवारी पास झालेला बिल्ड मंगळवारी, एकही ओळ न बदलता, फेल होऊ शकतो. मधल्या रात्री कुणीतरी नवी आवृत्ती टाकलेली असते.

यावरचा उपाय म्हणजे लॉक फाइल. हे दुकानदाराचं बिल. कुठल्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती आली, त्या पॅकेजने आणखी काय ओढून आणलं, प्रत्येकाचा हॅश काय, सगळं नोंदलेलं. एनपीएममध्ये २०१७ पासून ती आपोआप बनते. २०१८ मध्ये सीआयसाठी 'एनपीएम सीआय' ही वेगळी कमांडही आली. ती आधीची पॅकेजेस पुसते, फक्त बिलाप्रमाणे आणते, आणि यादी-बिल जुळलं नाही तर सरळ थांबते. थांबणं हाच तिचा गुण आहे. तरीही सीआयमध्ये साधी 'एनपीएम इन्स्टॉल' लिहिलेले प्रोजेक्ट आजही सापडतात.

बिलावर नाव आहे म्हणून वस्तू दुकानात असेलच असं मात्र नाही. लेफ्ट-पॅडच्या वेळी कुणीतरी काही मिनिटांत तसंच पॅकेज १.०.० म्हणून टाकलं. पण अनेकांच्या साखळीत ०.०.३ हीच आवृत्ती मागितलेली होती! शेवटी एनपीएमला जुनी आवृत्तीच परत आणावी लागली. गोंधळ सुमारे अडीच तास चालला. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले.

खरी भीती वेगळीच

पॅकेज गायब होणं परवडलं, पण भलतंच पॅकेज आलं तर? इन्स्टॉल होताना पॅकेज स्वतःच्या कमांड चालवू शकतं, आणि सीआयच्या मशीनवर अनेकदा पासवर्ड, टोकन, क्लाउडच्या चाव्या असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरक्षा संशोधक ॲलेक्स बिरसान याने हे उघड केलं. कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावं शोधून त्याने त्याच नावांची, पण मोठ्या आकड्याची पॅकेजेस सार्वजनिक ठिकाणी टाकली. ॲपल, मायक्रोसॉफ्टसह ३५ हून जास्त कंपन्यांच्या यंत्रणांनी ती मुकाट्याने उतरवून चालवली. बिरसानचा हेतू चांगला होता, हे कंपन्यांचं नशीब.

मार्च २०२५ मध्ये तर सीआयचे तयार तुकडेच निशाण्यावर आले. २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरीजमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'टीजे-ॲक्शन्स'च्या एका ॲक्शनमध्ये घुसखोरांनी जुने आवृत्ती-टॅगच घातक कोडकडे वळवले आणि गुप्त चाव्या लॉगमध्ये छापल्या जाऊ लागल्या. टॅग म्हणजे दारावरची पाटी. ती हलवता येते. कमिटचा पूर्ण हॅश लिहिलेल्यांना या वळवलेल्या टॅगचा फटका बसला नाही.

मग टीम काय करतात?

लॉक फाइल रिपॉझिटरीत ठेवतात, गरज नसेल तिथे इन्स्टॉल-स्क्रिप्ट बंद करतात, चाव्या फक्त लागतील त्याच पायरीला देतात. वेळ वाचवण्यासाठी कॅशे वापरतात. लॉक फाइल बदलली की कॅशेही नवा. अर्थात आवृत्ती गोठवली की तिच्यातल्या सुरक्षा त्रुटीही गोठतात. म्हणून डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेटसारखे बॉट नव्या आवृत्तीचा प्रस्ताव पाठवतात, टेस्ट चालतात, माणूस पाहून मंजूर करतो. नवी आवृत्ती आल्यावर काही दिवस थांबायची सोयही त्यांच्यात आहे, कारण घातक पॅकेजेस बऱ्याचदा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांतच पकडली जातात.