दोषमुक्तीविरुद्ध अपील व आरोपीची हजेरी

दोषमुक्तीविरुद्ध अपील व आरोपीची हजेरी : फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलेला आरोपी पुढील अपिलाच्या वेळी वरिष्ठ न्यायालयापुढे हजर राहावा, यासाठी केलेली कायदेशीर तजवीज. दोषमुक्तीमुळे आरोपीच्या निर्दोषत्वाच्या गृहीतकाला बळकटी येते. मात्र तो परागंदा झाल्यास अपिलात ठोठावलेल्या शिक्षेची अंमलबजावणी अशक्य होते. या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न या तरतुदींच्या इतिहासात दिसतो.

१८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोषमुक्तीविरुद्ध अपिलास वाव नव्हता. १८७२ च्या संहितेने तो अधिकार शासनास दिला. १८९८ च्या संहितेतील कलम ४२७ अन्वये असे अपील दाखल झाल्यावर उच्च न्यायालय आरोपीस अटक करवून कारागृहात ठेवू शके किंवा जामिनावर सोडू शके. १९७३ च्या संहितेत हीच तरतूद कलम ३९० मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयासही असे वॉरंट काढता येते, हे उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध पूसू या खटल्यात (१९७६) स्पष्ट झाले.

अटकेची ही तरतूद अपील दाखल झाल्यावरच लागू होई. तोपर्यंत आरोपी कोठे आहे, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसे. खानदेशातील बोदवडसारख्या तालुक्याच्या गावचे उदाहरण घेतल्यास अडचण ध्यानात येते. जळगाव जिल्ह्यातील सत्र न्यायालयाने दिलेल्या दोषमुक्तीविरुद्ध शासनाचे अपील पूर्वी मुंबईस जाई. पुढे ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या खंडपीठाकडे जाऊ लागले. शासनाच्या अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. सुटलेला मजूर तोवर कामाच्या शोधात सुरतेस किंवा मुंबईस गेला, तर जुन्या पत्त्यावरील समन्स त्याला पोहोचत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कलम ४३७ अ घालण्यात आले. ते ३१ डिसेंबर २००९ पासून अंमलात आले. त्यानुसार खटला निकाली निघण्यापूर्वीच आरोपीने वरिष्ठ न्यायालयाची नोटीस निघाल्यास हजर राहण्याचे जामीनपत्र जामीनदारांसह लिहून द्यावयाचे असे. ते सहा महिने अंमलात राही. त्याच वेळी पीडितासही दोषमुक्तीविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला. तथापि जामीनदारांच्या अटीचा भार गरिबांवर अधिक पडला. ज्याच्या घरी सातबारा नाही व ज्याला ऐपतदार जामीनदार मिळत नाही, त्याच्या बाबतीत निर्दोष ठरूनही सुटका लांबण्याचा धोका होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम ४८१ मध्ये जामीनपत्राबरोबरच साध्या बंधपत्राचाही पर्याय आहे. अटकेची तरतूद कलम ४३१ मध्ये कायम आहे.

महाराष्ट्रातील जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना दोषमुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष बैठक घेऊन तो निर्णय स्थगित केला व ते कारागृहातच राहिले. एप्रिल २०२३ मध्ये तो निर्णय रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीसाठी परत आले. ५ मार्च २०२४ रोजी त्यांची पुन्हा दोषमुक्ती झाली, तेव्हा हजेरीसाठी ५०,००० रुपयांच्या बंधपत्राची अट पुरेशी मानण्यात आली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. मुंबईतील २००६ च्या रेल्वे बाँबस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बारा आरोपींना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाचा पूर्वदाखला म्हणून वापर रोखला. परंतु सुटलेल्यांना परत कारागृहात पाठविले नाही.

सुदर्शनसिंग वजीर खटल्यात (२०२५) सर्वोच्च न्यायालयाने कलम ३९० चा वापर करताना जामीन हा नियम व कारागृह हा अपवाद मानावा, असे सांगितले. अपिलासाठी आरोपीची उपस्थिती आवश्यक असली, तरी दोषमुक्त व्यक्तीचे स्वातंत्र्य हे जामिनावरील स्वातंत्र्याहून वरच्या दर्जाचे ठरते.