जहाजावरील मालाची बांधणी : सुरक्षिततेचा निर्णय बंदरातच

समुद्रात जहाजावरील माल सरकला किंवा निसटला, तर हानी केवळ मालधन्याची होत नाही. जहाजाचा तोल बिघडतो, खलाशांचे प्राण धोक्यात येतात आणि पाण्यात पडलेला माल इतर जहाजांच्या वाटेत येतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा समुद्रात पडलेल्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांतील वाहतूक काही दिवस विस्कळीत झाली होती.

टक्कर न होताही माल समुद्रात जाऊ शकतो. ३० नोव्हेंबर २०२० रोजी चीनहून अमेरिकेकडे निघालेल्या ‘वन एपस’ या जहाजाने प्रशांत महासागरातील खराब हवामानात १,८१६ कंटेनर गमावले.

बांधणीचे गणित

जहाज एका बाजूला ३० अंश कलले की मालाचे निम्मे वजन त्या बाजूला ओढू लागते. म्हणजे २० टनांची पेटी १० टनांच्या जोराने सरकू पाहते. हेलकाव्यांच्या गतीमुळे या जोरात आणखी भर पडते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या संहितेत ढोबळ नियम दिला आहे : मालाच्या प्रत्येक बाजूच्या बंधनांची एकूण अनुज्ञेय क्षमता त्या मालाच्या वजनाइतकी असावी.

ही क्षमता तुटण्याच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी धरली जाते. पुन्हा वापरायच्या तारदोरासाठी ती तुटण्याच्या बळाच्या ३० टक्के, तर कापडी पट्ट्यांसाठी ५० टक्के मानतात. कोरड्या पोलादावर पोलाद सहज घसरते. मध्ये लाकडी फळ्या घातल्यास घर्षण सुमारे तिप्पट होते. म्हणून अवजड यंत्रे किंवा पोलादी मालाखाली फळ्या घालण्याची पद्धत आहे.

कंटेनरांची रचना

डेकवरील कंटेनर एकमेकांवर रचताना त्यांच्या कोपऱ्यांत ‘ट्विस्टलॉक’ नावाची फिरती कुलुपे बसवतात. खालच्या थरांना तिरप्या पोलादी सळ्या लावून त्या टर्नबकलने ताणतात. जड पेट्या खाली आणि हलक्या वर, हा रचनेचा मूळ नियम आहे. पेटीचे वजन चुकीचे नोंदवले गेले, तर सारा आराखडाच फसतो. त्यामुळे १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवणे माल पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे. अशा नोंदीविना कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. पेटीच्या आतील मालही आवळून बसवावा लागतो, कारण तो जहाजावरील खलाशांच्या नजरेआड असतो.

न बांधता येणारा माल

खनिजाची भुकटी दोरांनी बांधता येत नाही. तिच्यात ओलावा जास्त असल्यास जहाजाच्या सततच्या कंपनांनी ती चिखलासारखी वाहू लागते आणि एका बाजूला जाऊन जहाज उलटवू शकते. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरनजीक ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपनजीक ‘ब्लॅक रोज’ ही लोहखनिजाची भुकटी वाहणारी जहाजे बुडाली आणि हा धोका ऐरणीवर आला. सुट्या मालाविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झाली. तिच्यानुसार अशा भुकटीतील ओलावा ठरावीक मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र भरणीपूर्वी द्यावे लागते.

प्रवासातील जबाबदारी

समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार, सुटा घन वा द्रव माल वगळता, मालाची बांधणी जहाजाच्या मान्यताप्राप्त पुस्तिकेप्रमाणेच करावी लागते. हेलकाव्यांनी बंधने सैल होतात, म्हणून प्रवासात त्यांची वेळोवेळी तपासणी करून ती पुन्हा ताणली जातात. वादळाच्या वेळी वेग कमी करणे किंवा मार्ग बदलणे कप्तानाच्या हाती असते. मात्र उसळत्या समुद्रात डेकवर जाऊन सैल माल आवळणे खलाशांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच नांगर उचलण्यापूर्वी झालेली बांधणी निर्णायक ठरते.

कंटेनर समुद्रात पडल्यास जवळच्या जहाजांना, किनारी राष्ट्राला आणि जहाजाच्या नोंदणीकर्त्या देशाला विनाविलंब कळवणे १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक झाले आहे.